न शिकलेल्या कॉलेजचा माजी विद्यार्थी

श्यामकांतरावांना बाळासाहेब नीटसे ओळखत नव्हते, हे आधीच कबूल केलेलं बरं. जेमतेम सव्वा वर्षाची ओळख, तीही बहुतेक मैदानातल्या बाकावर शेजारी बसून, समोर बघत. त्यांचं मूळ गाव कोणतं, भावंडं किती, देव मानत होते की नाही, यातलं काहीच बाळासाहेबांना सांगता आलं नसतं. श्यामकांतराव बुधवारी गेले. शुक्रवारी टोकियोलगतच्या उरायासुतले, म्हणजे ते दोघं राहत त्या गावातले, चार लोक "तुमचे मित्र ना?" म्हणाले तेव्हा बाळासाहेबांनी मान हलवली खरी, पण आपण लबाडी करतोय असं त्यांना वाटलं. त्यांना त्या माणसाची एकच गोष्ट माहीत होती. ती मात्र पक्की.

ती गोष्ट म्हणजे मिनामोरी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. नाव पेलिकन्स. झोळीसारख्या चोचीचा हा पक्षी कुणी निवडला ते ठाऊक नाही, पण तो माणूस दूरदृष्टीचा असावा. कारण हा संघ तोंड उघडून उभा राहायचा आणि समोरचे त्यात गुण भरण्याऐवजी काढून घेऊन जायचे. श्यामकांतरावांनी पाहिलेल्या अडतीस वर्षांत तो कॉलेज-स्पर्धेच्या पहिल्या वर्गात कधी गेला नाही. दुसऱ्यात दोनदा गेला आणि शेजारच्या घरी चुकून शिरल्यासारखा माफी मागत परत आला. उरलेला सगळा काळ तिसऱ्यात.

आणि श्यामकांतराव या संघाचे भक्त. सध्याच्या संघाचे सगळे खेळाडू जन्मायच्या आधीपासूनचे.

बाळासाहेब बायको गेल्यावर पुण्याहून मुलाकडे राहायला आले होते. मुलगा नचिकेत टोकियोत एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर होता. सकाळी सातला जायचा तो रात्री यायचा. "बाबा, बाल्कनी दिवसातून किती वेळा पुसाल? खालच्या मजल्यावरच्या काकांबरोबर मॅचला जात जा," असं त्यानेच सुचवलं. फुटबॉल पायाने खेळतात अशी बाळासाहेबांची समजूत होती. पहिल्याच सामन्यात कळलं, की या खेळात पायाचा संबंध चेंडूशी कमी आणि दुसऱ्याच्या बरगडीशी जास्त. प्रत्येक वेळी दोन्हीकडची पोरं एकमेकांवर कोसळायची, शिट्टी वाजायची, आणि मग सगळे उभे राहून काय झालं याची चर्चा करायचे.

"हे पुढे कधी जातात?" बाळासाहेबांनी विचारलं.

"जातील," श्यामकांतराव म्हणाले. "घाई काय आहे?"

त्यांच्याकडे पाहून मात्र भल्याभल्यांना आदर वाटला असता. डोक्यावर माजी विद्यार्थी संघाची जांभळी टोपी, मफलर जांभळा, आणि जागा माजी विद्यार्थ्यांच्या राखीव बाकांवर, दुसऱ्या रांगेत. आजूबाजूला सत्तरीचे जपानी म्हातारे. सगळे त्यांना 'श्यामू-सान', म्हणजे श्यामूराव, म्हणायचे. हरल्यावर सगळे उभे राहून कॉलेजचं गीत म्हणायचे, त्यात श्यामकांतरावांचा आवाज सर्वांत मोठा. गीत हरल्यावरच म्हणायचं असा नियम नव्हता. पण दुसरी संधी मिळत नसे.

ऑक्टोबरमध्ये त्यांना माजी विद्यार्थी संघाचं पत्र आलं. फुटबॉल संघाला साठ वर्षं होत होती. हंगामात घरच्या मैदानावर होणाऱ्या शेवटच्या सामन्यानंतर ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी रांगेत उभं राहायचं, एकेकाने ध्वनिक्षेपकावर आपलं नाव आणि कॉलेजातून बाहेर पडल्याचं वर्ष मोठ्याने सांगायचं. पत्राखाली अध्यक्ष कुरोइवा-सान यांची सही.

त्या संध्याकाळी श्यामकांतराव बाळासाहेबांकडे आले आणि चहा थंड होईपर्यंत पेलिकन्सचे जुने पराभव मोजत बसले. मग म्हणाले, "बाळासाहेब, एक अडचण आहे. मी त्या कॉलेजात कधी शिकलोच नाही."

"म्हणजे? शिक्षण अर्धवट सोडलंत?"

"सुरूच केलं नाही. मी सांगलीतून डिप्लोमा झालेला माणूस."

हकीकत अशी. सत्त्याऐंशी साली ते टोकियोशेजारच्या चिबामधल्या एका पंपांच्या कारखान्यात आले. रविवारी खोलीत बसून भिंत बघायचे. कारखान्याच्या वसतिगृहामागे कॉलेजचं मैदान होतं. एका रविवारी ते मैदानाच्या बांधावर जाऊन बसले. पेलिकन्स बेचाळीस-शून्य हरले, आणि परक्या देशात कुणाची तरी अवस्था आपल्यासारखीच आहे हे पाहून त्यांना बरं वाटलं. ते पुन्हा गेले. तिसऱ्या वर्षी कुणीतरी टोपी दिली, पुढच्या वर्षी सभासदत्वाचा अर्ज. अर्जात वर्षाचा रकाना होता. श्यामकांतरावांनी आपल्याकडच्या रीतीने वागायचं ठरवलं: अवघड रकाना कोरा सोडायचा, बाकीचा अर्ज सुवाच्य अक्षरात भरायचा. इकडच्या रीतीप्रमाणे कोऱ्या रकान्याबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं तर समोरच्याला संकोच होईल ना! दोन सभ्य संस्कृतींनी मिळून पस्तीस वर्षं एक खोटं सांभाळलं.

"आजारी आहे म्हणा," बाळासाहेबांनी सल्ला दिला. आयुष्यातल्या बहुतेक प्रसंगांतून ते असेच सुटले होते.

"मग ते भेटायला येतात. पंधरा जण. फळं घेऊन."

"मग एखादं वर्ष सांगून टाका."

"आजवर कोरं ठेवलं. खोटं असं तोंडाने बोललो नाही कधी." श्यामकांतरावांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "खरं सांगायचं म्हणतोय. पण मग त्या बाकावर कोणत्या तोंडाने बसू? हापिसातले मित्र निवृत्त झालो तसे संपले. मला आता तेवढंच एक बाक आहे, बाळासाहेब."

बाळासाहेबांनी चहा परत गरम केला.

सोहळ्याच्या रविवारी श्यामकांतरावांच्या पत्नी शुभाताईही आल्या. नवऱ्याच्या या भक्तीला त्या 'आमच्याकडचा जुना आजार' म्हणायच्या. रेल्वेगाडीत सगळे गप्प, इकडच्या रिवाजाप्रमाणे. श्यामकांतराव ओठांतल्या ओठांत जपानी वाक्य घोकत होते.

"पस्तीस वर्षांपूर्वी सांगा म्हटलं होतं," शुभाताई बाळासाहेबांच्या कानाशी कुजबुजल्या. "पण यांचं म्हणजे पेलिकन्सच्या हल्ल्यासारखं. सुरू होतो आणि जागच्या जागी आडवा पडतो."

पेलिकन्स सदतीस-तीन असे हरले. ते तीन गुण मिळाले तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मग रांग लागली. एकेक जण पुढे होऊन नाव-वर्ष ओरडायचा, कमरेत वाकायचा, बाकांवरून टाळ्या पडायच्या. बाळासाहेब तिकडे न बघता आपल्या बुटांकडे बघत राहिले.

श्यामकांतरावांची पाळी आली. त्यांनी नाव सांगितलं. मग एक लांब वाक्य म्हणून इतके वाकले, की टोपी पडली.

"सांगितलं," शुभाताई म्हणाल्या. "या विद्यापीठात मी शिकलेलो नाही, इतकी वर्षं गप्प राहिलो, क्षमा करा, म्हणाले."

मग सगळ्यांसाठी पडल्या तेवढ्याच टाळ्या पडल्या, ना कमी ना जास्त, आणि कुरोइवा-सान म्हणाले, "पुढचे."

श्यामकांतराव टोपी हातात घेऊन आले आणि बाकाच्या बाजूला, उभेच राहिले. सोहळा संपल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे कुरोइवा-सान जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याकडे आले. त्यांचं बोलणं शुभाताईंनी बाळासाहेबांना सांगितलं ते असं:

"श्यामू-सान, बसा की. आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत आहे."

"कसं?"

"त्या काळी आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी एकही नव्हता. असता तर सगळ्या गावाला ठाऊक असतं."

श्यामकांतरावांना हायसं वाटेल अशी बाळासाहेबांची अपेक्षा होती. ते भडकले. "मग बोलला का नाहीत? मी तुमच्या सहा प्राध्यापकांची नावं पाठ केली! त्या मेलेल्या गणिताच्या सरांची आठवण काढून दरवर्षी रडलो!"

"हो, ते आम्हाला फार आवडायचं," कुरोइवा-सान म्हणाले. "तसे ते सर कुणाला आवडायचे नाहीत. त्यांच्यासाठी रडणारे तुम्ही एकटेच."

मग ते दुसऱ्या रांगेत बसले आणि शेजारी हात थोपटून जागा दाखवली. शुभाताईंनी त्यांच्या हातातली टोपी घेऊन डोक्यावर बसवली, जरा तिरकीच. मग ते बसले आणि रागारागाने सगळा डबा खाल्ला, लोणच्यासकट.

परतीच्या वाटेवर ते एकदाच म्हणाले, "सगळेच्या सगळे चोर आहेत." पण आवाजात माया होती.

या पराभवामुळे पेलिकन्स चौथ्या वर्गात घसरणार की नाही, हे ठरवणारा सामना पुढच्या रविवारी दुसऱ्या मैदानावर होता. मधे बुधवार यायचा होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. शुभाताई किल्ली शोधत पुढे गेल्या. श्यामकांतरावांनी दार हाताने अडवून धरलं.

"पुढच्या रविवारी बसायला उशी आणा, बाळासाहेब. त्या मैदानातले बाक गार असतात."

"तुमच्यासाठीही आणू का?"

"नको. मला सवय आहे."