जोशी सिस्टर

दुपारचे दोन वाजून गेलेत आणि आगाशे सर मधल्या खोलीतल्या कॉटवर डाव्या कुशीला वळतात. वामकुक्षी वीस मिनिटांची, एकविसावं मिनिट आळशांचं, हा त्यांचा जुना नेम. आज मात्र झोप उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथेच घुटमळते. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी शैलाताई पडून आहेत. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन कालच घरी आल्यात. त्यांचं करायला एक बाई हवी आहे, आणि त्यासाठी चार वाजता ब्यूरोचा फोन यायचा आहे.

सकाळी ब्यूरोतल्या बाईंनी सगळं विचारून घेतलं. पेशंटचं वजन किती, साखर आहे का, संडास कमोडचा आहे ना. आणि शेवटी, भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी इतक्या सहज, ‘काका, बाई कुठलीही चालेल, की आपल्यातली बघू?’

‘आपल्यातली मिळाली तर बघा,’ सर म्हणाले. ‘म्हणजे मला काही नाही हो. हिला जरा बरं वाटेल.’

हिनं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

सरांनी तेहतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. अस्पृश्यता रद्द करणारं संविधानाचं सतरावं कलम पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं, अशी तयारी करून घ्यायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! फोन ठेवल्यापासून त्यांना जेवण गोड लागलेलं नाही. शैलाताईंना हाक मारायला हाताशी एखादी घंटा असावी म्हणून जेवणानंतर त्यांनी आईचा पत्र्याचा डबा काढला. देवघरातली जुनी घंटा मिळाली. तिच्याखाली तो बिल्लाही मिळाला. पांढरा, प्लॅस्टिकचा, मागे पिन असलेला. सरांनी तो उलटूनही पाहिला नाही. झाकण घट्ट बसवलं, डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि येऊन आडवे झाले.

पंखा कुरकुरतो आहे. कुरकुर हळूहळू लांब जाते. आता ती पंख्याची नाही, ट्रॉलीच्या चाकाची आहे. ट्रॉली सरांच्या अंगावरून जावी इतकी जवळून जाते आणि मागे स्पिरिटचा वास ठेवते.

बारा नंबरची खोली. खाटेवर आई बसली आहे. आईला जाऊन एकतीस वर्षं झाली, पण नऊवारी कालच धुतल्यासारखं आहे. उजवा पाय उशीवर, त्याला पट्टी. मांडीवर सिस्टर लोकांचा पांढरा कोट घेऊन आई शिवते आहे.

‘भालू, दोरा ओवून दे. दिसत नाही मला.’

सर खाटेच्या कडेला टेकतात. आई सत्तरीची, मुलगा शहात्तर वर्षांचा. लेक आईपेक्षा म्हातारा झालाय, पण स्वप्नात याचं कुणालाच काही वाटत नाही.

‘काय शिवतेस?’

‘भोकं पडलीत. दोन. इथे, छातीपाशी. कुणीतरी पिन ओढून काढलीय.’

सर दोरा ओवायला जातात. सुईचं नाक समोर दिसतं आहे, दोरा मात्र दर वेळी बाजूने जातो.

झालं होतं ते असं. एकतीस वर्षांपूर्वी आईच्या पायाला जखम झाली, साखरेने ती चिघळली, आणि गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तिला ठेवावं लागलं. पहिल्याच दिवशी मलमपट्टीला एक तरुण सिस्टर आली. आईने तिच्या कोटावरचा बिल्ला वाचला, आडनाव पाहिलं आणि पाय ओढून घेतला. ‘हिचा हात नको मला.’ गोळी दिली तर तिच्या हातच्या पाण्याने घेईना. दोन दिवस पट्टी बदलली नाही. मेट्रनबाईंकडे दुसरं माणूस नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि डॉक्टरांनी सरांना बाहेर बोलावून सांगितलं, असंच चाललं तर पाय गुडघ्यापासून काढावा लागेल.

तेव्हा आगाशे सरांनी डोकं चालवलं. आईच्या चष्म्याची काच ‘फुटली’. ती सिस्टर दिवसभर खोलीत फिरकली नाही. मग केस वेगळे बांधून, बिल्ला काढून ती पुन्हा आली, आणि सर म्हणाले, ‘आई, या नव्या सिस्टर. जोशी. आपल्यातल्याच.’

आई कसली ऐकते! ‘कुठल्या जोशी?’ म्हणून विचारणार हे सर ओळखून होते. म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच व्हरांड्यात त्या मुलीच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. सुवाच्य अक्षरात, शाळेत उत्तरं लिहून द्यावीत तशी. गाव गुहागर. कुलदैवत व्याडेश्वर. गोत्र शांडिल्य. ‘एवढं पाठ करा,’ ते म्हणाले होते.

मुलीने चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, ‘सर, माझा भाऊ तुमच्या वर्गात आहे. नववी ब. तुमचा विषय त्याला फार आवडतो.’

सरांना तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण आईचा पाय होता. मुलीने कोटावरचा बिल्ला काढला आणि त्यांच्या हातात दिला. ‘तुमच्याकडेच ठेवा. त्यांना बरं वाटलं की खरं सांगा. सांगितलंत की मला परत द्या. मी त्यांच्या पायासाठी करतेय, पण कायमची जोशी नाही व्हायची मला.’

‘नक्की,’ सर म्हणाले होते.

‘पट्टी सैल झालीय,’ आई म्हणते. ‘बोलाव तिला.’

‘जोशी सिस्टर!’ सर हाक मारतात.

कुणी येत नाही.

‘अरे, नीट हाक मार. तिच्या नावाने मार.’

सर दाराबाहेर येतात आणि नववी ब मध्ये उभे असतात. बाकांवर पोरं नाहीत, सगळ्या बाकांवर पांढरे कोट घडी घालून ठेवलेत. फळ्यावर सरांचंच अक्षर आहे, गाव, कुलदैवत, गोत्र. ते पुसायला जातात, पण डस्टर आईच्या पायाला बांधलेलं आहे. आई शेवटच्या बाकावर पाय पसरून बसली आहे.

‘हजेरी घे,’ आई म्हणते.

सर हजेरीपट उघडतात. पहिलं नाव वाचतात, मग दुसरं. आवाज खणखणीत लागतो, पूर्वीसारखा. मग एक नाव येतं आणि जीभ टाळ्याला चिकटते. नाव समोर आहे, अक्षर स्वच्छ आहे, वाचताही येतं आहे. फक्त म्हणता येत नाही.

‘पुढचं घेऊ?’ ते आईला विचारतात.

‘पुढचंच घेत आलास,’ आई म्हणते.

हजेरीपटाची पानं ओली लागतात. सर घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसलेत आणि नदीचं पाणी घोट्याला लागतं आहे. शेजारी आई. तिच्या पायाला आता पट्टी नाही. टाचेवर भरून आलेली जखम आहे, गुलाबी, गुळगुळीत. ती त्या मुलीने भरून आणली. सोळा दिवस, सकाळ-संध्याकाळ, खाली बसून, आईचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन. जखम भरली, पाय वाचला, आणि सतराव्या दिवशी आईचं हृदय बंद पडलं. पायाशी त्याचा काही संबंध नव्हता.

पण सोळाव्या दिवशीचं सर विसरलेले नाहीत. त्या दिवशी आईने त्या मुलीची ओटी भरली. तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि सरांना म्हणाली, ‘बघ भालू, हात किती हलका! आपल्यातली आहे ना, म्हणून.’

मुलगी ओटीतला नारळ धरून उभी होती. तिने सरांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आता सांगा, असं त्या पाहण्यात होतं. बिल्ला सरांच्या सदऱ्याच्या खिशात होता. आणि सर म्हणाले, ‘चहा सांगू का, जोशी सिस्टर?’

एवढंच. पुढे कधीतरी सांगू म्हणता म्हणता आई गेली. मेट्रनची बोलणी खाऊन मुलीने दुसरा बिल्ला करून घेतला. दहा वर्षांपूर्वी ती सरांना मंडईत दिसली, केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. सर पाठ फिरवून कांदेवाल्याशी बोलत राहिले आणि नको असलेले पाच किलो कांदे घेऊन घरी आले.

‘आई,’ सर पाण्याकडे बघत म्हणतात, ‘ती जोशी नव्हती.’

‘ठाऊक आहे.’

‘कधीपासून?’

‘तिसऱ्या की चौथ्या दिवसापासून. मेट्रन बाहेरून तिचं आडनाव घेऊन ओरडली, आणि माझ्या उशाशी उभी असताना ती ओ देऊन बसली. मी डोळे मिटलेले होते. कान नव्हते मिटलेले.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू का नाही बोललास?’

पाणी पायरीवर येतं आणि जातं.

‘तू खोटं आणून दिलंस आणि मी ते पांघरून घेतलं,’ आई म्हणते. ‘ऊब दोघांना लागली. ती पोर मात्र उघड्यावर.’

‘आणि ओटी भरताना ते तसं का म्हणालीस? तिच्या तोंडावर?’

आई पाण्यात भिजलेला पदर पिळते. मग जिवंतपणी कधी ऐकलेला नाही अशा बारीक आवाजात म्हणते, ‘मला वाटलं, एवढं म्हटलं की फिटलं. तिला आपल्यात घेतलं, म्हणजे आणखी काय करायचं! माझी अक्कल बघ. तिचं होतं ते नाव तोंडात घ्यायची लाज, आणि मी तिला आपलं देऊन मोकळी झाले.’

सरांना रडू येतं. पण रडताना सुद्धा त्यांच्या मनात एक मास्तर जागा आहे आणि तो म्हणतो, हे सगळं तुझ्याच सोयीचं आहे रे भालचंद्रा. आईला ठाऊक होतं म्हटलं की तुझं पाप अर्धं झालं. मेलेलं माणूस स्वप्नात काय वाटेल ते बोलतं. चोराच्या मनात चांदणं.

आई जणू तेही ऐकते. ‘मला ठाऊक होतं की नव्हतं, यावर तुझं काही अडत नाही,’ ती म्हणते. ‘मी गेलेली आहे. तिचं नाव अजून तुझ्याकडेच आहे.’

आणि मांडीवरचा पांढरा कोट ती त्यांच्या हातात देते. भोकं बुजलेली नाहीत. सर कोट छातीशी धरतात आणि काहीतरी टोचतं. आई पायऱ्या चढून निघाली आहे, दोन्ही पायांनी, लंगडत नाही. वरच्या पायरीवर कुणीतरी घंटा वाजवतं.

घंटा वाजतेच आहे. ती घंटा नाही, फोन आहे.

सर उठून बसतात. भिंतीवरच्या घड्याळात चार. उजवी मूठ घट्ट आवळलेली आहे आणि दुखते आहे. ते ती तशीच ठेवून डाव्या हाताने फोन उचलतात.

‘काका, आपल्यातलं कुणी मोकळं नाही हो. एक बाई आहेत, काम एकदम चोख, हॉस्पिटलचा अनुभव. पण त्यांचं आडनाव आधीच सांगून टाकते, नंतर कटकट नको...’

‘आडनाव नको,’ सर म्हणतात. ‘त्यांना पाठवा. आल्या की त्याच सांगतील.’

‘काकूंना चालेल ना?’

‘काकूंना मी विचारलंच नव्हतं. सकाळी माझंच मी बोललो.’

मग बाई ‘बरं’ म्हणतात आणि फोन ठेवतात. सरांना वाटलं होतं, आता छाती जरा मोकळी होईल. होत नाही. यात पराक्रम तो काय! एखाद्या नववीतल्या पोराला सुद्धा हे उत्तर आलं असतं.

ते मूठ उघडतात. तळहातावर तो बिल्ला आहे. पिन उघडी आहे आणि अंगठ्याच्या उंचवट्यात रुतली आहे. रक्ताचा एक थेंब अक्षरांवर आला आहे. सर फडताळाकडे बघतात. वरच्या फळीवर डबा आहे, झाकण घट्ट बसलेलं आहे.

‘अहो, कुणाचा फोन?’ आतून शैलाताई विचारतात. ‘मिळाली का बाई?’

‘मिळाली.’

‘कशी असेल कोण जाणे. सासूबाईंच्या वेळच्या त्या जोशी सिस्टरसारखी असली म्हणजे मिळवलं.’

दर वर्षी आईच्या श्राद्धाला हे नाव या घरात निघतं. मुलांना ठाऊक आहे, सुनेला ठाऊक आहे. आईचं सगळं केलं ते जोशी सिस्टरने, म्हणून. सर दर वर्षी मान डोलावतात.

ते आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहतात.

‘ती जोशी नव्हती,’ ते म्हणतात.

‘म्हणजे?’

सर खाटेपाशी जातात आणि तळहात पुढे करतात. शैलाताई आधी रक्त बघतात, मग बिल्ला. ‘अगं बाई, हे काय लागलं? आणि हे काय लिहिलंय? चष्मा नाही माझा. तुम्हीच वाचा.’

सर सदऱ्याच्या टोकाने थेंब पुसतात. मग ते घसा साफ करतात आणि हजेरी घेताना वाचत तसं, पूर्ण वाचतात.

‘रत्नमाला बनसोडे. परिचारिका.’

शैलाताई त्यांच्याकडे बघत राहतात. हळूहळू त्यांच्या लक्षात येत जातं, ते समोर दिसतं, आणि मान खाली घालायची सरांना फार इच्छा होते.

‘म्हणजे आपण एकतीस वर्षं तिला...’

‘आपण नाही,’ सर म्हणतात. ‘मी.’