भिंतीवरची काजळी

बर्मिंगहॅमचं सेमी-डिटॅच्ड घर विकून आम्ही तासाभरावरच्या खेड्यात तीनशे वर्षांपूर्वीचं दगडी घर घेतलं. हौस नवऱ्याची. पाहुणे आले की पाणी विचारायच्या आधी टूर सुरू. "छपराच्या दगडी फरश्या बघा, खाली मोठ्या, वर लहान लहान होत जातात. खिडक्यांचे उभे खांबसुद्धा दगडाचे. आणि ही फायरप्लेस! माणूस आत उभा राहील. वरची काजळी तेव्हापासूनची. हात लावायचा नाही, हिस्टरी आहे ती."

मेली हिस्टरी! तिकडे स्वयंपाकघरात मला फोडणी द्यायची चोरी. धूर बाहेर जायला हूड हवा, हूडसाठी भिंतीला भोक हवं, आणि घर पडलं लिस्टेड, जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं, म्हणजे कौन्सिलच्या परवानगीशिवाय काही हलवायचं नाही. "विचारलंस का रे?" दर सणाला मी. "नाही म्हणतात गं, मी तरी काय करू?" दर सणाला तो. शेवटी मी गॅरेजमध्ये कॅम्पिंगची शेगडी मांडली. थंडीत कोट घालून मिरच्या तळल्या. दिवसभर हॉस्पिटलच्या वॉर्डात उभी राहायची आणि घरी येऊन गॅरेजात. रडलेसुद्धा तिथे, खोटं कशाला बोलू.

यंदा छपराच्या फरश्या निसटल्या म्हणून कौन्सिलची बाई बघायला आली. नवरा अंगणात तिला टूर देत होता. मी सरळ जाऊन विचारलं, स्वयंपाकघराला एक भोक पाडलं तर तुमचं काय जातं हो? ती गोंधळलीच. म्हणाली, ती मागची भिंत अलीकडची, विटांची आहे, तिथे परवानगी द्यायला बहुधा अडचण आली नसती. पण तुमच्याकडून कुणी कधी विचारलंच नाही.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो छपराकडे बघत होता.

ती गेल्यावर म्हणाला, "अगं, एवढं सुंदर घर. हिंगाचा वास दगडात मुरला की जात नाही."

मी गॅरेजमधून शेगडी उचलून आणली आणि थेट फायरप्लेसमध्ये मांडली. तेल, मोहरी, हिंग, मूठभर सुक्या मिरच्या. धूर सरळ चिमणीतून वर गेला. बांधणाऱ्याने ती त्यासाठीच तर बांधली होती. घराला माझ्या फोडणीचं वावडं कधी नव्हतंच. ज्याला होतं, तो त्या संध्याकाळी आमटी दोनदा मागून जेवला.