अमोलचा डावा पाय

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. अमोलच्या आईलाही ठाऊक नाही — आणि तिला मी धंद्यातल्या सगळ्या लबाड्या सांगतो, ती हसते, कधी रागावते. ही सांगितली नाही. का नाही सांगितली? वाचत जा, कळेल.

आधी माझा धंदा सांगतो. विषयाला बगल देतोय असं वाटेल — थोडी देतोही आहे. पण तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कंपन्या जुन्या मशिनी मोडीत काढतात. लेथ, ड्रिल, प्रेस. त्या मी घेतो, दुरुस्त करतो, विकतो. वैजापूरकडच्या खेड्यातून मी या शहरात आलो तेव्हा माझ्याकडे ओळख नव्हती, शिक्षण नव्हतं, पाठीवर हात ठेवणारं कुणी नव्हतं. आज गोडाऊन आहे, घर आहे, चार माणसं नमस्कार करतात. हे सगळं मी एका गोष्टीवर मिळवलं — घासाघीस. ती मला वडिलांनी वैजापूरच्या बाजारात शेळ्या विकताना शिकवली. गिऱ्हाईक अडलं की पाठ फिरवायची, चालू पडायचं. पण पाय उचलायचे सावकाश. मागून हाक आली तर ऐकू आली पाहिजे. आणि हाक येतेच. दुसरा धडा उलटा. स्वतः घ्यायचं असेल तेव्हा वस्तूला खोट काढायची. कितीही आवडली असली तरी.

हे दोन्ही धडे मी माझ्या पोरावर वापरले. झालं, सांगून टाकलं. आता नीट सांगतो.

अमोल माझा एकुलता एक. तो दहावीत होता तेव्हाची गोष्ट. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. आमखास मैदानावर पाठक सर पोरांना फुटबॉल शिकवायचे. शाळेत खेळाचे मास्तर होते ते. शाळा सुटली की स्कूटरच्या मागं चेंडूंची जाळी बांधून मैदानावर यायचे. त्यांनी त्याला अकादमी हे नाव दिलं होतं. होतं एवढंच — एक जाळी, चुन्याच्या रेघा आणि तीसेक पोरं. त्यात दोन पोरं बाकीच्यांपेक्षा फार पुढं होती. एक अमोल. दुसरा नदीम, रोशन गेटजवळच्या गॅरेजवाल्याचा. दोघांची जोडी अशी, की एकानं मान वळवली तर दुसरा पळायला लागायचा. मला त्या खेळातलं कळत नव्हतं. पण मैदानाच्या कडेला माणसं उभी राहून माझ्या पोराकडं बघतात, हे कळत होतं. मी रोज जायचो. उशिरा गेलो असं दाखवायचो.

मग पुण्याच्या एका मोठ्या क्लबची माणसं आली. त्यांनी दोन दिवस पोरांना खेळवलं. एक पोरगा न्यायचा होता — राहणं, शाळा, खेळ सगळं तिकडं. चांगला निघाला तर पुढं राखीव संघ, आणि नशीब असेल तर क्लबचा मुख्य संघ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठक सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पहिलं नाव अमोलचं आहे. उद्या सकाळी हॉटेलवर जा, मॅनेजरला भेटा. मला शाळा आहे, मी नसेन. आणि अण्णा — तिथं भांडू नका बरं का."

मी हसलो. रात्रभर झोप नाही. अमोलला अजून सांगू नका, मीच सांगतो, असं सरांना म्हणालो. पक्कं करून मग सांगायचं होतं.

हॉटेलच्या लॉबीत त्या मॅनेजरनं मला बसवून ठेवलं. तो पलीकडच्या टेबलावर नाश्ता करत होता, फोनवर बोलत होता, मला दिसत होता. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. डोकं तापायला वेळ लागत नाही माझं. तो आला, हसून बोलला, सगळं समजावलं. मी म्हणालो, चांगलं आहे, पण मुख्य संघात घेणार हे लिहून द्या.

"काका, अशी हमी कुणीच देत नाही. मी माझ्या मुलालाही देणार नाही."

"मग नेऊ नका," मी म्हणालो. "पोरगं काय वाटेवर पडलंय का?"

खरं तर पाठवायचंच होतं. जीव टाकून पाठवायचं होतं. पण मी उठलो, पाठ फिरवली आणि दाराकडं चालायला लागलो. सावकाश. पोर्चमध्ये आलो. बागेतून फाटकापर्यंत गेलो. फाटकाशी उभं राहून चपलेचा पट्टा नीट केला. तो नीटच होता. मग मागं वळून बघितलं. तो काचेआड फोनवर बोलत होता.

हाक आली नाही.

परत आत जाता आलं असतं. वीस-पंचवीस पावलं. "चुकलं, न्या पोराला" — एवढंच म्हणायचं होतं. मी नाही गेलो. आणि खरं सांगू? त्या माणसाचा मला आजही राग येतो. बाजारात कुणीही एकदा तरी हाक मारतो! पण तो बाजार नव्हता, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

दुपारी त्यांनी नदीमच्या बापाला विचारलं. त्याचे हात ऑइलनं काळे होते, असं मागून ऐकलं. त्यानं काहीच विचारलं नाही. "ले जाव साब, बच्चे का दिल है," एवढंच म्हणाला. त्याच्या पोराच्या जागी आधी माझ्या पोराचं नाव होतं, हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं.

आणि मी घरी आलो. अमोल ओट्यावर बसला होता. माझ्या तोंडाकडं बघून उभा राहिला. मी म्हणालो, "नाय झालं. नदीमला घेतलं."

तो रडला नाही. म्हणाला, "माझं काय चुकलं, अण्णा?"

आता इथं गप्प बसता आलं असतं. "मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "डावा पाय कच्चा आहे म्हणाले तुझा."

कुठून आलं ते माझ्या तोंडात? कुणी डाव्या पायाचं नाव काढलं नव्हतं. वस्तूला खोट काढायची, ही जुनी सवय — पण वस्तू कोण होती?

त्यानंतर अमोल मैदानावर गेला नाही. गोडाऊनच्या मागच्या भिंतीवर तो चेंडू मारायचा, नुसत्या डाव्या पायानं. रोज. मी आत गिऱ्हाइकाशी बोलत असायचो आणि मागून तो धप धप आवाज यायचा. तिथलं प्लॅस्टर सुटलं. पावसाळा संपेपर्यंत चाललं ते. मग एक दिवस आवाज बंद झाला. चेंडू कुठं गेला, मी विचारलं नाही.

पाठक सर एकदा गोडाऊनवर आले. त्यांना मॅनेजरनं कळवलं होतं, बाप नको म्हणाला. ते भांडले नाहीत. फक्त विचारलं, "अमोलला सांगितलंय ना, की तुम्ही नको म्हणालात?"

"व्हय. सांगितलंय. त्यालाबी नव्हतं जायचं."

ते म्हणाले, "मग घरातला निर्णय आहे. मी त्याला काही बोलणार नाही." आणि गेले. त्यांनी शब्द पाळला. अमोल तर शरमेनं त्यांना टाळायचाच. स्कूटर दिसली की गल्ली बदलायचा.

मी मात्र गप्प बसलो नाही. गोडाऊनवर येईल त्याला सांगत सुटलो की पाठकानं माझ्या पोराला डावललं, नदीमचा बाप त्याची स्कूटर फुकटात दुरुस्त करतो, म्हणून. नदीमचं नाव काय आहे, यावरूनही बोललो. लोकांनी मान डोलावली. काहींनी आपली पोरं मैदानावरून काढून घेतली. नंतर नंतर तर मलाच ते खरं वाटायला लागलं. आपल्यावर अन्याय झाला, असं म्हणत जगणं सोपं असतं.

नदीम पुण्यात तरला. दोन वर्षं अकादमीत, मग राखीव संघात, मग कित्येक महिने नुसता बाकावर. आणि एका संध्याकाळी मुख्य संघातून मैदानात उतरला. अमोल तोवर आयटीआय करून शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला होता. त्यानंच टीव्ही लावला, गल्लीतल्या पोरांना बोलावलं, पेढे आणले. नदीमनं डावीकडून एक लांब पास दिला तेव्हा अमोल पुढं सरकून बसला. "बघा, अण्णा," म्हणाला, "डाव्या पायानं किती सहज देतोय. उगाच नाही घेतलं त्याला."

माझ्या हातात पेढा होता. मी तो खाल्ला.

मागच्या वर्षी इथं नदीमचा सत्कार झाला. त्यानं अमोलला स्वतः फोन केला: "तू नै आया तो मैं स्टेजपे नै चढता." मी जाणार नव्हतो. अमोल म्हणाला, "सोडा आता राग, अण्णा. माझ्यासाठी किती वर्षं धरून बसणार?" माझ्यासाठी, म्हणाला. मी गेलो.

पाठक सर नाशिकहून आले होते, मुलीकडं राहतात आता. काठी घेऊन चालतात. कार्यक्रम संपल्यावर अमोल त्यांच्याकडं गेला. मी पाठीमागं होतो, हाताच्या अंतरावर. अमोल पाया पडला आणि म्हणाला, "सर, माफ करा. इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही. तुम्ही एवढं शिकवलं, पण मी निवडीत कमी पडलो."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. त्यांनी अमोलच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी उलटून बोललो असतो, मला ते येतं. राग नव्हता. ते वाट बघत होते. मी बोलावं, म्हणून. मी खाली बघितलं.

मग ते अमोलला म्हणाले, "तू कमी नव्हतास रे. कधीच नव्हतास."

परत येताना अमोल गाडी चालवत होता. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "सर लई मोठ्या मनाचे, अण्णा. मला बरं वाटावं म्हणून या वयात खोटं बोलले."

मी म्हणालो, "व्हय."

ओट्यावर त्याला सांगितलं तेव्हा डोकं तापलेलं होतं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. या वेळी तापलेलं नव्हतं. सिग्नल लाल होता, काचा वर होत्या, गाडीत आम्ही दोघंच होतो. मी विचार केला आणि मग "व्हय" म्हणालो.