बारा तारा आणि डावा हात

गल्लीत स्कूटी घसरली आणि माझं डावं मनगट मोडलं. जुन्या जालन्यात घराच्या पुढच्या खोलीतच माझं शिलाईचं दुकान आहे, ते बंद पडलं. प्लॅस्टर निघालं तरी बोटं नीट मिटेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो मी थोडे दिवस दाबला आणि कंटाळून चिंध्यांच्या टोपलीत टाकला. मशीनवर कापड सरकवायला डावा हातच लागतो. शिलाई वाकडी जायला लागली. "बरं वाटलं की सांगा," म्हणत बायका आपापली कापडं परत घेऊन गेल्या.

अशात जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर गिटारचा फोटो आला. कॉलेजात असताना होस्टेलमधल्या मैत्रिणीनं मला अनेक सूर एकदम वाजवायच्या चार कॉर्ड शिकवल्या होत्या. लग्नानंतर गिटारला हात लावला नव्हता. फोटो मोठा करून पाहिला, तर हिला सहाऐवजी बारा तारा.

विकणारे काका नव्या जालन्यात राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात ते आणि काकू दोघंच. त्यांनी गिटार पलंगावर माझ्यापुढे ठेवली. तारा गंजलेल्या होत्या, पण लाकूड पुसून पुसून गुळगुळीत ठेवलेलं.

"माझ्या डाव्या हाताची बोटं आखडली," ते म्हणाले. "संधिवात. ही पडून पडून खराब होऊन राह्यली. वाजवणाऱ्याकडं गेलेली बरी."

मी माझा हात पुढे केला. "माझीही मिटत नाहीत."

ते हसले. "मंग सहा तारांची घ्या ना. हिच्यात दोन-दोन तारा जोडीनं दाबाव्या लागतात. जड जाईल."

"जड आहे म्हणूनच घेते," मी म्हणाले. असं ठरवून गेले नव्हते, तोंडातून निघून गेलं.

निघताना त्यांनी बजावलं, "नव्या तारा टाका, पण एकदम ओढू नका. अर्धा सूर खालीच ठेवा, न्हाई तर हिची मान वाकेल."

सासूबाईंनी गिटार पाहिली. "हात बरा करायचाय का पुन्हा मोडायचाय?" एवढंच विचारलं. पण दुपारी तारा बदलायला बसले, तेव्हा माझ्या एका हाताला जमेना हे पाहून त्यांनीच गिटार मांडीवर धरली. सगळ्यात बारीक तार ताणताना तुटली आणि माझ्या हनुवटीला चाटून गेली. दुसरी आणून लावली. बाराव्या तारेपर्यंत पोचेस्तोवर पहिली उतरलेली असायची. नव्या तारा अशाच सैल पडत राहतात. रोज सकाळी चहा झाला की मी त्या पुन्हा सुरात आणायची.

वाजवणं त्याहून अवघड. बोट एका तारेवर बसायचं, तिची जोडीदार निसटायची. नुसता ठक्-ठक् आवाज. बोटांच्या टोकांवर दोन-दोन लाल रेघा उठायच्या. कळ खांद्यापर्यंत जायची, मी हात झटकायची आणि परत दाबायची. चेंडूचा कंटाळा आला होता, हिचा आला नाही, कारण इथं बोट थोडं जरी जास्त वाकलं तरी लगेच ऐकू यायचं.

एका सकाळी कॉर्ड पूर्ण वाजली. प्रत्येक जाड तारेबरोबर तिची बारीक तार बोलली आणि आवाज खोलीभर पसरला. ज्वारी निवडणाऱ्या सासूबाईंचे हात थांबले. "दोघीतिघी मिळून गाऊन राह्यल्या जणू," त्या म्हणाल्या. "अजून एकडाव वाजव."

पुढे हळूहळू मशीनही सुरू झालं. आधी परकराच्या सरळ शिलाया, मग ब्लाउज. एका रविवारी मी गिटार पाठीला लावून काकांकडे गेले. ऐकवावं, एवढंच मनात होतं. माझ्या कॉर्ड ऐकल्यावर त्यांनी गिटार मागितली. उजवा हात तारांवरून सहज फिरला. डावा मात्र गिटारच्या मानेवर नुसता टेकून राहिला. मला ते पाहवेना.

"काका, उजवा हात तुमचा, डावा माझा," मी म्हणाले.

मी गिटार मांडीवर घेतली. ते खुर्ची ओढून उजव्या बाजूला बसले. मी दाबायची, ते छेडायचे. सुरुवातीला आमचं जुळेना. कॉर्ड बदलताना मी अडखळले की ते हात वर धरून थांबायचे. "जल्दी न्हाई," म्हणायचे. थोड्या वेळानं ताल धरला गेला आणि थांबावं लागेनासं झालं.

काकू ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून दारात आल्या. "मला वाटलं, तुम्हीच वाजवून राह्यले."

"मीच वाजवून राह्यलो," काका म्हणाले, मग माझ्याकडे बघून, "अर्धं."

काकू तिथंच उंबऱ्यावर बसल्या. काकांनी विचारलं, "चारच कॉर्ड येतात का तुम्हाला?"

"चारच."

"मंग पाचवी शिकू." आणि आपल्या वाकड्या बोटानं त्यांनी मला जागा दाखवली.