'अमेरिके'ची होळी

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात खिडकीजवळ एक कपाट होतं, त्याला सगळे 'अमेरिका' म्हणायचे. अमेरिकेवर चिमण्यांनी घाण केली, अमेरिकेची कडी निघाली, असं बिनदिक्कत बोललं जायचं. कुठल्याशा बंद पडलेल्या संस्थेकडून पेटीभर इंग्रजी पुस्तकं आली होती आणि फुकटातली म्हणून वाचनालयाच्या समितीने ती ठेवून घेतली होती. सगळी अमेरिकेची: तिकडच्या नदीकाठच्या गावांचे इतिहास, मक्याच्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या हकिकती, कथा-कादंबऱ्या, आणि बेसबॉल नावाच्या खेळावरची जाडजूड पुस्तकं. मोहल्ल्यातली पोरं त्यातली चित्रं बघायची आणि ही असली गोल बॅट घेऊन चेंडू मारतात तरी कसा, यावर भांडायची. बाकी ती पुस्तकं वाचणारे दोघंच होतो, माझे बाबा आणि मी.

बाबा शाळामास्तर. संध्याकाळी वाचनालय तेच सांभाळायचे, बिनपगारी. मी इंग्रजीत एम.ए. करत होते, अमेरिकन साहित्याचा पेपर घेतला होता, त्यामुळे त्या कपाटावर आपला हक्कच आहे असं मी धरून चालले होते. बाबांचं वेड वेगळं होतं. ते कुहीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं पीक टोळांनी कसं खाल्लं, कापणी उरकल्यावर दोन गावं मोकळ्या शेतात बेसबॉलचा सामना कशी लावायची, हे वाचताना ते अगदी हरखून जायचे. याच नादात त्यांनी सीताबर्डीच्या फुटपाथवरून असंच एक पुस्तक स्वतःसाठी घेतलं होतं. एका लहानशा गावाचा आणि त्या गावच्या संघाचा इतिहास. ते घरी त्यांच्या उशाशी असायचं. जेवणं झाली की त्यातली दोन-तीन पानं ते आईला तिथल्या तिथे मराठी करून ऐकवायचे. आई दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत ऐकायची आणि त्या गावच्या लोकांची उखाळ्यापाखाळ्या अशा काढायची की जणू ते आमच्या मागच्या गल्लीत राहतात.

मग बांगलादेशची लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले, भोंग्याचा सराव सुरू झाला, अंधार पडला की ब्लॅकआउट. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली आणि मोहल्ल्याचं डोकं फिरलं. चौकातल्या पोरांनी ठरवलं, येत्या बुधवारी वाचनालयासमोर 'अमेरिका' जाळायची. तीही दुपारी चारला, कारण दिवेलागणीनंतर आग पेटवायला बंदी होती. देशप्रेमही वेळापत्रक पाहून.

पण हे त्यांना सुचलं कुठून? बाबांकडूनच. दर पंधरा ऑगस्टला बाबा शाळेत एक गोष्ट सांगायचे. लहानपणी विदेशी कपड्यांच्या होळीत त्यांनी आपली मखमली टोपी टाकली होती, तिची. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला ती तोंडपाठ होती. पोरांचा पुढारी नुकताच मिलमध्ये लागलेला एक उंच तरुण होता, बाबांचाच विद्यार्थी. तो घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमीच तर शिकवलं आमाले. तुमी फक्त चाबी घेऊन या."

बाबा नुसतं "पाहू" म्हणाले. त्या 'पाहू'ने आमच्या घराची झोप उडवली. समितीतले लोक येऊन सांगून गेले की देऊन टाका, नाहीतरी कोण वाचतं ते. मी म्हटलं, रातोरात पुस्तकं आणून तांदळाच्या कोठीत लपवू. बाबा माझ्यावर कधी नव्हे ते ओरडले. चोरासारखं काही करायचं नाही म्हणाले. मग करायचं काय, ते मात्र सांगेनात. आईला पानं ऐकवणंही त्यांनी बंद केलं. मला त्यांची भीती वाटायला लागली. आपली गोष्ट खरी ठरावी म्हणून हा माणूस स्वतःच्या हाताने कपाट उघडून देईल, असं मला वाटत होतं.

बुधवारी मी त्यांच्याबरोबर गेले. वाचनालयासमोर जुना टायर पेटवलेला, घासलेटचा वास, आणि चिक्कार गर्दी. घोषणा चालल्या होत्या. मला एकच आशा होती. बाबांना भाषणाची भारी हौस. एकदा सुरू झाले की बोलता बोलता अंधार पाडतील आणि आग विझवावी लागेल. त्या दिवशी मात्र ते थोडक्यातच बोलले. वाचनालयाची चाबी त्यांनी पायरीवर ठेवली आणि शालीखालून ते उशाशी असायचं ते पुस्तक काढलं.

"चाबी हे ठेवली," ते म्हणाले. "पण आमच्या होळीत ज्यानं त्यानं आपलंच टाकलं होतं. दुसऱ्याचं कोणी ओढून नव्हतं आणलं. मी माझं आणलं आहे. तुमी काय आणलं?"

घोषणा थांबल्या. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पुढारी म्हणाला, "आमच्यापाशी अमेरिकेचं काय राहणार, गुरुजी?"

याच पोरांना बाबांनी शाळेत अमेरिकेहून आलेल्या पावडरचं दूध पेले भरभरून पाजलं होतं. बाबांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर चांगलं चारचौघांत सुनावलं असतं. बाबा पुस्तक हातात घेऊन उभे राहिले, बराच वेळ. कोणी हललं नाही, मीही नाही. मग त्यांनी वाकून ते टायरवर ठेवलं.

जाड पुस्तक लवकर पेटत नाही. आधी पुठ्ठा काळा पडला, मग पानं एकेक करून उलटायला लागली, जणू कोणी चाळत बसलंय. मधे त्या संघाचा फोटो दिसला आणि गेला. गर्दी मागून पांगू लागली. उजेड कमी झाला तशी होमगार्डने शिट्टी मारली, पोरांनी बादलीभर पाणी ओतलं. पुढाऱ्याने पायरीवरची चाबी उचलून बाबांच्या हातात दिली आणि खाली मान घालून निघून गेला. कपाटाला कोणाचा हात लागला नाही.

वाटेत लोक बाबांना नमस्कार करत होते. समितीतल्या एकाने तर पाठ थोपटली. मला बाबांचा भारी अभिमान वाटत होता. मी काहीबाही बोलत होते. गल्लीत शिरलो तेव्हा सगळी घरं अंधारात होती. बाबा मधेच थांबले.

"मी टाकत होतो," ते म्हणाले, "तवा माझा हात कोणी काहून नाही धरला वं?"