वजनाला वजन

भंगाराचा कंटेनर उघडला की भागाजीमामा आधी डोक्याचा रुमाल काढायचे आणि आतल्या लोखंडाला विचारायचे, "कुठून आलात, पाव्हणं?"

जालन्याच्या एमआयडीसीत आमचा सळयांचा कारखाना होता. जगभरचं मोडकंतोडकं लोखंड यायचं, भट्टीत वितळायचं आणि सळई होऊन बाहेर पडायचं. मामा भंगार निवडणाऱ्यांचे मुकादम, मी ऑफिसातला कारकून. चार बुकं जास्त शिकलो म्हणून पाहुण्यांवरची परदेशी अक्षरं वाचायचं काम माझ्याकडे. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण नाही म्हणेल तो कारकून कसला? एका नक्षीदार जाळीला मी छातीठोकपणे राजवाड्याचं दार ठरवलं. मामांनी ते बाजूला काढून आल्यागेल्याला दाखवलं. शेवटी एका ट्रकवाल्याने कोपऱ्यात चिकटलेली पिसं दाखवून ते कोंबड्यांच्या खुराड्याचं असल्याचं सिद्ध केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा शांतपणे म्हणाले, "राजानं कोंबड्या पाळल्या असतील."

दुनिया त्यांना भंगारातून कळायची. माल घटला की तिकडं कुठंतरी लढाई लागली असणार, आणि भाव पडला की कुठल्यातरी सरकारने कर फिरवला असणार. भट्टीची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसली की बायको मला बोलायची, आणि मी ते जसंच्या तसं मामांना. ते म्हणायचे, "दुनियेचं भंगार आपुन घेतलं. मंग धूर काय वापस धाडता त्यांच्याकडं?"

एकदा कंटेनरातून लहान मुलांचा झोका निघाला. लाल खांब, दोन बैठका, साखळ्यांसकट. मामांनी साखळी हातात धरली ती सोडेनात. "बघा सायेब, लेकरांच्या हातानं गुळगुळीत झाली. हिला भट्टीत कसं घालावं? आमच्या केदारखेड्याच्या शाळंत घंटा सोडली तर दुसरं लोखंड न्हाई."

कारखान्याचा नियम एकच होता: आत आलेलं लोखंड वितळल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. मामा तरी शेठकडे गेले. शेठने सांगितलं, शनिवारपर्यंत वजनाला वजन आणा आणि घेऊन जा. नाहीतर झोका भट्टीत.

शनिवारी मामा टेम्पो घेऊन आले. गावात ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यात पडलेला लोखंडी नांगर, मोटेचं चाक, फुटकी पेटी, वर एक तवा. सगळं काट्यावर चढलं, तरी थोडं कमी पडलं. बघ्यांची गर्दी जमलेली. मला दानशूर व्हायची उबळ आली. "कमी पडतंय तर माझी मोपेड टाका, मामा," मी म्हणालो. कारकुनाची गाडी कोण काट्यावर चढवतो, असा माझा हिशेब. माझं वाक्य संपायच्या आत दोघांनी ती उचलून वर ठेवली. काटा पार पुढे गेला. मामांनी लगेच तवा काढून घेतला.

"आता बराबर झालं. तवा कारभारणीचा हाय."

संध्याकाळी मी हेल्मेट हातात घेऊन चालत घरी गेलो. गाडी कुठाय, बायकोने विचारलं. म्हटलं, केदारखेड्याला झोका खेळायला गेली.

पुढे बाहेरचं पोलादच आमच्यापेक्षा स्वस्त येऊ लागलं आणि भट्टी थंड पडली. कारखान्याची यंत्रं गॅसने कापली गेली आणि भंगार म्हणून ट्रकवर चढली. मामा फाटकाशी उभे होते. ट्रक निघाला तसा त्यांनी रुमाल काढला.

"आता आपुन पाव्हणं झालो, सायेब. जाऊ तिथं कुनी इचारील का, कुठून आलात म्हून?"



मला एका बियाणे कंपनीत टेबल मिळालं. मामा गावी गेले. यंदा उन्हाळ्यात ते वारल्याचं मला उशिरा कळलं. केदारखेड्याला त्यांच्या घरच्यांना भेटून निघालो आणि जीपची वाट बघत शाळेजवळ थांबलो. झोक्याला कुणीतरी निळा रंग दिला होता. साखळ्या आणखी गुळगुळीत झाल्या होत्या. आसपास कुणी नाही असं बघून मी हळूच बसलो. म्हटलं, माझी एक मोपेड आहे यात.

कुठून कोण जाणे, एक मुलगी येऊन समोर उभी राहिली. तिचा झोका मी अडवून बसलो होतो. तिने साखळी धरली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठून आलात, पाव्हणं?"

उन्हासाठी बांधलेला डोक्यावरचा रुमाल मी काढला.