तीन घरं खाली

माहितीपटवाले दोन दिवस वडनेरला बाईंच्या घरी होते. बाई म्हणजे आमच्या गायन पार्टीच्या मुख्य गायिका. एके काळी त्यांचं नाव पुकारलं की माणसं झाडावर चढून बसायची. मी त्यांच्या पेटीवर.

मी मूळची सांगलीकडची. सातवीतच शाळा सुटली. शेगावला एका लॉजवर चादरी धुवायचे, तिथे बाई उतरल्या होत्या. माझं गुणगुणणं ऐकून म्हणाल्या, "चादर पिळून राह्यली का सूर?" आणि घरी घेऊन आल्या. पेटी शिकवली, जेवू घातलं, ताप आला तर उशाशी बसल्या. त्यांच्यापासून मी एकच गोष्ट लपवली होती.

आमची पेटी सरकत्या पट्टीची. खुंटी सरकवली की अख्खी पट्टी एक घर खाली जाते. बोटं तीच, सूर उतरलेला. दारूनं बाईंचा आवाज बसत गेला, तशी कार्यक्रमाआधी गुपचूप मी एकेक घर उतरवत आले. चार वर्षांत तीन घरं. बाई मात्र सगळ्यांना सांगायच्या, "म्या काळी पाच कधी सोडली नाही." ही त्यांची उंच पट्टी, त्यांचा मान. त्यांना कळत होतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दिग्दर्शक गोड बोलणारा. त्यानं सगळीकडे फिरलेल्या त्या व्हिडिओचं विचारलं, ज्यात बाई स्टेजवर कोसळतात.

"पिऊन होती मी," बाई म्हणाल्या. "गाणं कोणाले याद नाही. पडणं सगळ्याइले याद हाये."

मग त्यानं लॅपटॉपवर त्यांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि दोन ओळींवर थांबवलं. "ताई, हेच गाणं. ह्याच पट्टीत."

मी पेटीवर हात ठेवून थांबले.

"लाव ना माय, काऊन थांबली व?"

मी खुंटी वर सरकवली. खट. खट. खट. बाईंनी खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर सारखा केला आणि गाऊ लागल्या.

पहिली ओळ निभली. दुसरीत आवाज चरचरला. पुढे अंतरा, तिथल्या वरच्या सुराला गळा फाटणार, मला माहीत होतं. दिग्दर्शकालाही असावं. त्यानं कॅमेरावाल्याला बोटानं जवळ जायची खूण केली. आता हेही फोनाफोनांवर फिरणार.

मी भात्यावरचा हात काढला. पेटी सुस्कारून गप्प झाली.

"काय झालं?" दिग्दर्शकानं विचारलं.

"भाता फाटला," मी म्हणाले.

बाईंनी पेटी जवळ ओढली. भात्याच्या घड्यांवरून सावकाश तळवा फिरवला. कुठेच काही फाटलं नव्हतं.

"जुनी पेटी हाये, भाऊ. फाटते कधी कधी." मग हळूच मला, "कितीवर होतो आपण?"

"तीन खाली."

"अन् मी गावभर काळी पाच सांगत फिरून राह्यली! येडी केली व मले."

मी मान वर केली नाही. खट, खट, खट ऐकू आलं. बाई स्वतःच उतरवत होत्या, कॅमेऱ्यासमोर.

"रेकॉर्डवालीचा गळा गेला, बापा," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. "हाये तो घे."

"पण भाता फाटला होता ना?"

"जुळला," बाई म्हणाल्या आणि माझा हात उचलून भात्यावर ठेवला.